धरणातल्या पाण्याचा हिशेब : नोंद आधी, दर नंतर

शहरातला नळ उघडला की येणाऱ्या पाण्याचे बिल महापालिका पाठवते, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच पाण्याचे एक बिल महापालिकेलाही येते, याची कल्पना फार थोड्यांना असते. धरणातून किंवा नदीतून उचललेल्या, शुद्धीकरण न झालेल्या म्हणजे कच्च्या पाण्याचे हे बिल असते आणि ते जलसंपदा खात्याकडून येते. महापालिका, नगरपालिका, एमआयडीसी, साखर कारखाने, वीजकेंद्रे, पाणी वापर संस्था आणि कालव्याखालचा एकेकटा शेतकरी, असे सारेच या खात्याचे ग्राहक आहेत. कोणी किती पाणी घ्यायचे, त्याची नोंद कुठे व्हायची आणि त्याचा दर काय असावा, हे ठरवणारी यंत्रणा महाराष्ट्रात २००५ पासून कायद्याने उभी आहे. दुष्काळी वर्षात शहर आणि शेती यांच्यात जो वाद पेटतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा दरात नसते. ते या नोंदीत असते.

नमुना नंबर सात

पाटाच्या पाण्यावर पट्टी घेण्याची पद्धत जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८७९ च्या पाटबंधारे अधिनियमाने तिला कायद्याची चौकट मिळाली आणि राज्य स्थापनेनंतर त्याची जागा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने घेतली. या व्यवस्थेत पाणी मोजले जात नसे. मोजले जाई ते भिजलेले क्षेत्र. हंगामापूर्वी खात्याने प्रकटन काढायचे, शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा पाणी मागणी अर्ज भरायचा, मंजुरीनंतर शेजपाळीचा क्रम लागायचा आणि हंगाम संपल्यावर पीकनिहाय, हेक्टरी दराने आकारणी व्हायची. खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून, असे पाटबंधारे खात्याचे तीन हंगाम. उसाचा दर अर्थातच सर्वांत चढा.

या पद्धतीत एक उघड दोष होता. हेक्टरी पट्टी एकदा ठरली की शेतात सात इंच पाणी दिले काय आणि चौदा इंच दिले काय, शेतकऱ्याच्या खिशाला फरक पडत नव्हता. शिवाय कालव्याच्या मुखाशी असलेला बागायतदार आणि शेपटाकडचा कोरडवाहूसदृश शेतकरी यांच्या नावावर कागदोपत्री सारखेच पाणी दिसे. अर्ज न करताच भिजलेले क्षेत्र किती, याची नोंद कालवा निरीक्षकाच्या डोळ्यांवर आणि त्याहून अधिक त्याच्या मनावर अवलंबून राही.

पाणी क्षेत्राशी बांधण्याचे याहून चांगले प्रयोग याच भूमीवर झाले होते. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली. गावाची शेती फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची राखण गावाने नेमलेल्या पाटकरी, जागल्या यांनी करायची, असा तो शिरस्ता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुढे नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. तिच्यामागेही विचार हाच होता, की पाण्याची बांधिलकी अनेक वर्षांसाठी आधीच नोंदलेली असावी.

२००५ चा कायदा

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. २००३ मध्ये राज्याची जलनीती जाहीर झाली. त्यापाठोपाठ २००५ मध्ये दोन कायदे आले. पहिला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम. दुसरा, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. वीज क्षेत्रात नियामक आयोग स्थिरावले होतेच. त्याच धर्तीवर पाण्यासाठी नियामक नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. जागतिक बँकेच्या साह्याने राज्यात राबवल्या गेलेल्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाची पार्श्वभूमीही या घडामोडींना होती, आणि 'पाण्याचे खासगीकरण' हा आक्षेप तेव्हापासूनच या कायद्याला चिकटला. माजी मुख्य सचिव अजित निंबाळकर हे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष.

कायद्याने प्राधिकरणाकडे सोपवलेल्या कामांत दोन प्रमुख. पाणी वापराचे हक्क निश्चित करून त्यांची नोंद ठेवणे, हे एक. ठोक पाण्याच्या दराचे निकष ठरवणे, हे दुसरे. येथे 'हक्क' म्हणजे मालकी नव्हे. पाणी राज्याचेच राहते. वापरकर्त्याला मिळतो तो ठरावीक मुदतीत, ठरावीक परिमाणात ते वापरण्याचा अधिकार. धरण पूर्ण भरले तर पूर्ण, साठा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी, असे त्याचे स्वरूप आहे. तुटीच्या वर्षी तूट सर्वांनी वाटून घ्यायची, हा त्यातला गाभा. याच कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावर बोट ठेवून मराठवाड्याने जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी मागितले आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्याबाबतचा आदेश दिला. मध्य ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो, हा आता दर पावसाळ्याच्या शेवटी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धडकी भरवणारा आकडा त्या आदेशातला.

कायद्यात काही अनपेक्षित तरतुदीही आहेत. दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्या शेतकऱ्याला सिंचनाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण दराच्या दीडपट आकारणी, ही त्यांपैकी एक. कायदा अमलात येण्यापूर्वी जन्मलेल्या अपत्यांसाठी त्यातून सूट आहे. पाण्याच्या कायद्याने कुटुंबनियोजनाचे काम का अंगावर घ्यावे, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. पाणी मोजण्याचीच मारामार असलेल्या चारीवर अपत्ये कोण मोजणार, हाही प्रश्न आहेच.

दर कसा बसतो

वर्तमानपत्रांत 'पाणी महागले' अशी बातमी येते तेव्हा पाण्याला किंमत लावली गेली, असा समज होतो. प्रत्यक्षात ठोक दर ही पाण्याची किंमत नाही. धरणे आणि कालवे सांभाळण्याचा, म्हणजे व्यवस्थापन, प्रशासन, परिचालन आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च पूर्णपणे वसूल व्हावा, एवढेच तत्त्व कायद्याने घालून दिले आहे. धरण बांधायला लागलेला भांडवली खर्च त्यात धरलेला नाही. तो करदात्यांनी आधीच उचललेला असतो.

म्हणजे आधी राज्यभराचा देखभालीचा खर्च काढायचा, मग तो घरगुती, औद्योगिक आणि कृषी या तीन वापरांत वाटायचा. ही वाटणी केवळ घनमीटरवर केली तर सर्वांत जास्त पाणी घेणाऱ्या शेतीवर सर्वांत जास्त बोजा पडेल. म्हणून प्राधिकरणाने आणखी कसोट्या लावल्या. पैसे भरण्याची ऐपत कोणाची किती, पाणी कोणाला हमखास मिळते, वेळेवर कोणाला मिळते, वापरानंतर ते कोणत्या प्रतीचे होऊन बाहेर पडते. कारखान्याला बारमाही पाणी हवे असते आणि ते मिळतेही. शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो. त्यामुळे उद्योगाचा दर शेतीच्या कित्येक पट राहतो. त्यातही पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे, अशा शीतपेये, मद्य आणि बाटलीबंद पाणी बनवणाऱ्या उद्योगांसाठी वेगळा आणि सर्वांत चढा दर आहे. थेट जलाशयातून, कालव्यातून किंवा धरणाखालच्या नदीतून उचल असेल तर दर वेगळे. बंधारा वापरकर्त्याने स्वखर्चाने बांधला असेल तर त्याला सवलत. सिंचनाच्या घनमापी दरात उन्हाळी पाणी खरिपापेक्षा महाग, कारण बाष्पीभवन सोसून ते मे महिन्यापर्यंत साठवून ठेवावे लागते.

दरांचा फेरआढावा दर तीन वर्षांनी घ्यावा, असे कायदा सांगतो. पहिला आदेश निघायलाच २०११ उजाडले. सल्लागारांचा मसुदा, त्यावर राज्यभर झालेल्या सुनावण्या, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आणि शेतकरी संघटनांनी घेतलेले आक्षेप, यांत आधीची काही वर्षे गेली. ती वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. दर ठरण्याआधी त्याचा हिशेब लोकांसमोर मांडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढचा आदेश जानेवारी २०१८ मध्ये आला आणि त्यानंतरचा मार्च २०२२ मध्ये. तीन वर्षांचे वेळापत्रक किती पाळले गेले, ते या तारखांवरूनच दिसते.

माणशी १३५ लिटर

शहरांच्या दृष्टीने खरा मुद्दा दराचा नाही, मापदंडाचा आहे. घरगुती वापराचा ठोक दर हजार लिटरला पैशांत मोजण्याइतका असतो. नळाच्या बिलात दिसणारी रक्कम प्रामुख्याने पंपिंगची वीज, शुद्धीकरण, जलवाहिन्या आणि गळती यांची असते. परंतु स्वस्त दरातले पाणी किती घ्यायचे याला मर्यादा आहे आणि ती लोकसंख्येवरून ठरते. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर आणि महानगरांसाठी १५० लिटर, हे सर्वपरिचित मापदंड.

एक उदाहरण घेता येईल. पाच लाख वस्तीच्या शहराला माणशी १३५ लिटर द्यायचे तर दिवसाला ६७ हजार ५०० घनमीटर पाणी लागेल. वर्षाचे झाले सुमारे २४.६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ०.८७ टीएमसी. हेच शहर माणशी २०० लिटर उचलू लागले तर वर्षाची गरज ३६.५ दशलक्ष घनमीटरवर, म्हणजे १.२९ टीएमसीवर जाते. वरचे ०.४२ टीएमसी कुठून तरी कमी करावे लागते, आणि ते जवळजवळ नेहमीच कालव्याच्या शेपटाकडून कमी होते. म्हणूनच मंजूर परिमाणापेक्षा अधिक उचल केल्यास चढत्या दराने आकारणी करण्याची तरतूद आहे. सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडणाऱ्यांनाही जादा आकार लागू शकतो.

पुण्याइतके या वादाचे ठळक उदाहरण दुसरे नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी. याच पाण्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतले सिंचनही अवलंबून. महापालिका आणि जलसंपदा खाते यांच्यातल्या कराराचा आकडा साडेअकरा टीएमसीचा होता. प्रत्यक्ष उचल १६ टीएमसीच्या पुढे गेली. महापालिकेचे म्हणणे असे, की आकड्यात तरंगती लोकसंख्या धरलेली नाही आणि २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, त्यांचेही पाणी लागते. जलसंपदा खात्याचे म्हणणे असे, की शहरातल्या गळतीचा भार शेतकऱ्यांनी का सोसावा? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. शहरातली मोजणी नीट नसेल तर उचललेल्या पाण्यापैकी वापर किती आणि गळती किती, हे महापालिकेलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

या वादाला दोन उपकथानके आहेत. महापालिकेने उचललेल्या पाण्याच्या बदल्यात साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या उजव्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात सोडावे, असे ठरले होते. हे पाणी किती सोडले गेले आणि कोणत्या प्रतीचे होते, यावरही दोन्ही कार्यालयांचे आकडे जुळत नाहीत. दुसरे, शहरातल्या हॉटेलांना, कार्यालयांना आणि कारखान्यांना महापालिका जे पाणी पुरवते, त्याची आकारणी घरगुती दराने की औद्योगिक दराने, यावरून थकबाकीच्या रकमा फुगत गेल्या. नोंदच संदिग्ध असेल तर बिलही संदिग्धच येणार.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी ही धरणे महापालिकेची स्वतःची. पण मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसा धरणातून येते, आणि भातसा व ऊर्ध्व वैतरणा ही धरणे राज्य शासनाची आहेत. तेथल्या पाण्याचे बिल मुंबईलाही भरावेच लागते. सोलापूरचा प्रश्न याहून अवघड. उजनीतून भीमेच्या पात्रात आवर्तन सोडायचे आणि ते खाली बंधाऱ्यात पोहोचले की शहरासाठी उचलायचे, अशी रीत वर्षानुवर्षे चालली. नदीचे कोरडे पात्र, वाटेतले उपसा पंप आणि ऊन यांचा वाटा गेल्यावर शहराच्या हाती येणारे पाणी सोडलेल्या पाण्याचा लहानसा भाग असे. धरणाच्या दाराशी मोजले तर एक आकडा आणि जॅकवेलवर मोजले तर दुसरा. थेट जलवाहिनीचा आग्रह धरला गेला, तो यामुळेच.

मोजणारे कोण

ठोक पाण्याच्या वापराची नोंद कालव्यावर पार्शल फ्ल्यूमसारख्या मापन साधनांनी आणि उपसा केंद्रावर प्रवाहमापक मीटरने होते. मीटर बंद असेल तर पंपाची क्षमता आणि तो चाललेले तास यांचा गुणाकार करून बिल काढले जाते. नादुरुस्त मीटर ही त्यामुळे केवळ तांत्रिक बाब राहत नाही. तो कोणाच्या सोयीचा आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

शेतीत घनमापी आकारणीचा मार्ग पाणी वापर संस्थांमधून जातो. संस्थेला हंगामाचा कोटा मोजून द्यायचा, वाटप आणि वसुली संस्थेने करायची, पीक कोणते घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला. २००५ च्या दुसऱ्या कायद्याने हेच सार्वत्रिक करायचे ठरवले. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावर हे घडून आले आहे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या तीन संस्थांपासून सुरुवात केली आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. पाणी मोजून मिळते म्हटल्यावर कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांनीही द्राक्षे लावली. वाघाडचे उदाहरण प्रत्येक परिसंवादात दिले जाते. दुसरे तितकेच भक्कम उदाहरण शोधायला मात्र वेळ लागतो. अनेक ठिकाणी संस्था नोंदल्या गेल्या, पण चाऱ्यांची दुरुस्ती झाली नाही, मापन साधने बसली नाहीत आणि कोटा कागदावर राहिला.

सर्वांत मोठा फेरफार २०११ मध्ये झाला. कोणत्या धरणातले किती पाणी सिंचनाकडून उद्योगाकडे वळवायचे, याचे निर्णय तोपर्यंत मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत होती. अमरावती जिल्ह्यात ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचे पाणी औष्णिक वीजप्रकल्पाला देण्यावरून आंदोलन पेटले आणि हे निर्णय प्राधिकरणाला डावलून झाल्याचा आक्षेप न्यायालयात गेला. तेव्हा विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला. क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे आला आणि आधीच्या निर्णयांनाही संरक्षण मिळाले. नियामकाकडे दराचे निकष उरले. कोणाला किती, हा कळीचा प्रश्न पुन्हा राजकीय टेबलावर गेला. त्याच वर्षी जलनीतीतला प्राधान्यक्रमही बदलला. २००३ मध्ये पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. तो पिणे, शेती, उद्योग असा करण्यात आला.

जमिनीखालचे पाणी

धरणाच्या पाण्याचा हिशेब निदान लिहिलेला तरी असतो. विहिरी आणि बोअरवेल यांचे तसे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचेच तिच्याखालचे पाणी, अशी समजूत रुजलेली आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ मध्ये अमलात आला आणि त्याने विहिरींची नोंदणी बंधनकारक केली, ६० मीटरपेक्षा खोल विंधनावर निर्बंध आणले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच राज्य भूजल प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा 'विहिरीच्या पाण्यावरही पट्टी' या भीतीने खेड्यापाड्यांतून विरोध उमटला.

शहरांतली स्थिती वेगळी नाही. उपनगरांतल्या गृहसंकुलांना उन्हाळ्यात टँकर लागतात आणि ते टँकर कुठल्या तरी विहिरीवर भरले जातात. ती विहीर ज्या गावात आहे, तिथल्या नळयोजनेचा उद्भवही अनेकदा त्याच पाणलोटात असतो. टँकरच्या पावतीवर लिटर आणि रुपये लिहिलेले असतात. विहिरीचे नाव नसते.

दरासंबंधी किंवा पाण्याच्या हक्कासंबंधी तक्रार असेल तर कायद्यात प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि त्याच्या निर्णयावर प्राधिकरणाकडे अपील करता येते. दरनिश्चितीच्या वेळी प्राधिकरण हरकती व सूचना मागवते, त्या कोणत्याही नागरिकाला पाठवता येतात.

— प्रतिनिधी